पारोशी काच

४ जानेवारी

सामान लागलं. दोन खोल्या, एक मोरी, आणि खिडकीबाहेर नजर जाईल तिथवर सपाट माळ. कंपनीने सहा महिन्यांसाठी इथे पाठवलंय. बाबा सोबत आलेत. बाबा म्हणजे माझे सासरे, खरं तर माजी सासरे. चार वर्षांपूर्वी लग्न मोडलं तेव्हा आम्ही दोघांनी भांडीकुंडी वाटून घेतली, आणि हे गृहस्थ आपली बॅग घेऊन माझ्या दारात उभे. "मी इथंच बरा," एवढंच म्हणाले. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. जन्मभर चष्म्यांच्या काचा घासून पोट भरलं. आता दिवसभर स्वतःचा चष्मा पुसतात आणि चहात साखर जास्त झाली म्हणून मला सुनावतात.

काम लिहून ठेवते, म्हणजे डोकं जरा थाऱ्यावर येईल. आमच्या हिशेबनिसाने (वयाने माझ्याहून दहा वर्षं लहान, स्वभावाने वीस वर्षं म्हातारा) कोळशाच्या विजेचा दर शंभर मानलाय. त्या मापाने आमची उन्हाची वीज पडते एकशे सहाला. मार्चअखेर वीज मंडळ निविदा उघडणार. आम्ही शंभराच्या खाली आलो तर या माळावर तीन लाख पॅनेल उभी राहतील. नाही आलो तर कोळशाशी नवा करार, पंचवीस वर्षांचा. तो संपेल तेव्हा मी एकाहत्तर वर्षांची असेन.

पॅनेल स्वस्त झाली, तारा स्वस्त झाल्या, सांगाडे हलके केले. जिथून पिळता आलं तिथून पिळलं. उरली धूळ. काचेवर धूळ बसली की वीज घटते. धुवायची तर पाणी चाळीस किलोमीटरवरून टँकरने आणायचं, दर आठवड्याला. एकशे सहातले दहा नुसते त्या टँकरचे आहेत.

९ जानेवारी

आज चाचणी सुरू झाली. घरापासून दहा मिनिटांवर, कुंपणाच्या आत, शेजारी शेजारी दोन सारखी पॅनेल. उजवं राखणदार रोज सकाळी आठला पुसणार. डाव्याला कुणी हात लावायचा नाही. दोघांच्या विजेतला फरक म्हणजे धुळीचं नुकसान. राखणदाराने पाच मिनिटांत बारसं उरकलं: उजवी न्हालेली, डावी पारोशी.

आकडे माझ्या टेबलावरच्या पडद्यावर येतात. उगाच पायपीट करायला नको.

१८ जानेवारी

पारोशी नऊ दिवसांत साडेतीन टक्क्यांनी घसरली. आमचा अंदाज होता त्याहून वाईट. म्हणजे टँकर आठवड्यातून दोनदा, म्हणजे एकशे सोळा. मोठ्या बाईंना (कंपनीच्या मालकीण) फोनवर सांगितलं तर त्या नुसत्या "हं" म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नाश्त्याला बसले तरी पाय हलत होता. बाबा म्हणाले, पाय हलवू नये. मग मी सगळा राग त्यांच्यासमोर काढला. म्हटलं, धुळीने माझा गळा धरलाय, ती डावीकडची काच अशीच मळत राहिली तर अकरा वर्षांची मेहनत, सगळं मुसळ केरात. त्यांनी विचारलं, कुठली काच, कुंपणाजवळची का? मी म्हटलं हो, पण ते तुम्हाला कळायचं नाही, तुम्ही उपमा खा. त्यांनी उपमा संपवला.

२२ जानेवारी

बाबांनी पहाटे फिरायला जायला सुरुवात केली आहे. डॉक्टर दोन वर्षं सांगत होते तेव्हा गुडघे दुखत होते. आता म्हणे इथली हवा चांगली. परत येतात तेव्हा बाह्या ओल्या आणि मातकट. म्हटलं, फिरता की लोळता? हसले.

२७ जानेवारी

काहीतरी विलक्षण घडतंय. पारोशी सुधारली! नुकसान साडेतीनवरून अर्ध्या टक्क्यावर आलं, मग तीन दिवस चढलं, मग रात्रीत पुन्हा खाली. कुणी हात लावलेला नाही. पाऊस नाही, वारा नाही.

विचार करकरून डोकं शिणलं आणि मग उजेड पडला. दव! इथे पहाटे दव पडतं. पॅनेल तिरकं असतं. दवाचे थेंब ओघळताना धूळ घेऊन जात असणार. निसर्गच काच धुतोय आणि आम्ही टँकर मोजत बसलोय. खोलीभर येरझाऱ्या घातल्या. कुणाला तरी सांगावं म्हणून बाबांना सांगितलं की पारोशी आता छान आहे. ते म्हणाले, "हो ना? बरं झालं." इतके खूश झाले की मलाच आश्चर्य वाटलं.

३ फेब्रुवारी

हिशेबनीस दोन दिवसांसाठी आला होता. दवाचं ऐकून त्याने भुवया वर केल्या. त्याचं म्हणणं, हवेतल्या दमटपणाची नोंद आणि नुकसान उतरण्याचे दिवस जुळत नाहीत. काही दिवशी भरपूर दव आणि काच तशीच. मी म्हटलं, तुम्ही आकड्यांची बेरीज करा, त्यांचा अर्थ मी लावते. नंतर वाटलं, जरा जास्तच बोलले. पण या माणसाला सूर्य उगवला तरी पावती लागते.

८ फेब्रुवारी

बाबांचे गुडघे धरलेत. चार दिवस अंथरुणातच आहेत, शेक देते आहे. दवही रुसलंय. पारोशी दोन टक्क्यांवर.

११ फेब्रुवारी

बाबा उठून फिरून आले. पारोशी पाऊण टक्का. आज सगळंच बरं आहे.

दोरीवर चार मऊ फडकी वाळत होती. एका चष्म्याला चार फडकी! बोलले नाही. म्हाताऱ्या माणसाचे छंद.

१९ फेब्रुवारी

राखणदार म्हणाला, बाई, कधी कधी पारोशी माझ्या न्हालेलीपेक्षा चमकते. मी त्याला म्हटलं, मग तू न्हालेलीला नीट न्हाऊ घाल. बिचारा ओशाळला.

२ मार्च

निविदा भरली. सत्त्याण्णव!

दर आठवड्याचे टँकर काढून टाकले. दोन महिन्यांतून एकदा धुलाई, बाकी दवाच्या भरवशावर. हिशेबनिसाने सही केली, पण खाली एक ओळ लिहिली: "धुळीच्या आकड्याचं कारण पुरेसं सिद्ध नाही." मोठ्या बाईंनी मला विचारलं, खात्री आहे? मी म्हटलं, आकडे समोर आहेत. त्यांनी निविदा पाठवली. उघडणार अठ्ठावीसला. सव्वीसपर्यंत बदल करता येतो, पण बदलायचं काय?

आनंद व्हायला हवा होता. सकाळपासून तीनदा कपाट आवरलं.

६ मार्च

बाबांचे चिरंजीव (माझा पूर्वीचा नवरा) येऊन बाबांना शहरात घेऊन गेले. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, शस्त्रक्रिया करून पंधरा दिवसांनी आणून सोडतील. जाताना बाबा दारात घुटमळले. म्हणाले, तुझ्या काचेचं काय? मी म्हटलं, काच काही कुठे पळून जात नाही, तुम्ही डोळ्याकडे बघा.

१३ मार्च

पारोशी साडेतीन.

१७ मार्च

पाच. दव संपलं का? राखणदार म्हणतो, सकाळी चपला भिजतात. मग काचेवरच काय झालंय? जेवण जात नाही. घर रिकामं रिकामं वाटतं, त्याचं कारण हेच असणार.

२० मार्च

सात. हिशेबनिसाचा फोन मी उचलला नाही. काय सांगू?

संध्याकाळी बाबा आले. डोळ्यावर काळा चष्मा, आणि मला बघून म्हणाले की तुझे केस बरेच पिकलेत, मला दिसतच नव्हते. चिरंजीव दारातूनच परत गेले.

२१ मार्च

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी चहा घेताना बाबांनी विचारलं, चेहरा का उतरलाय. मी म्हटलं, पारोशी सातवर गेली. ते माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "एवढंच ना? मी नव्हतो पंधरा दिवस. उद्यापासून परत जाईन."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी कप खाली ठेवला.

ते सांगत गेले, शांतपणे, जणू भाजी आणल्याचं सांगताहेत. मी त्या दिवशी नाश्त्याला म्हणाले होते की ती काच मळली तर सगळं केरात जाईल. ते बघायला गेले. राखणदार उजवी पुसतो आणि डावीकडे ढुंकूनही बघत नाही, हे त्यांना दिसलं. वाटलं, कामचुकार आहे. त्याची तक्रार केली तर गरिबाची नोकरी जाईल. म्हणून तो यायच्या आधी, उजाडताना, स्वतःच पुसून यायचे. गुडघे साथ देतील तेव्हा, तीन-चार दिवसांनी. मला सांगितलं नाही, कारण मी म्हणाले असते, तुम्हाला कळायचं नाही.

मी ओरडले. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं हात लावायला?" ते म्हणाले, "तूच तर म्हणालीस." मग मी जे बोलले ते लिहायला हात होत नाही, पण लिहिते. मी म्हटलं, घरात स्वस्थ बसवत नसेल तर मुलाकडे जाऊन राहा, माझ्या मागे माझी कामं पुरेशी आहेत.

त्यांनी कप उचलला, विसळला, पालथा घातला, आणि आतल्या खोलीत गेले.

२२ मार्च

बाबांनी चिरंजीवांना फोन केला. पुढच्या रविवारी, तीस तारखेला, न्यायला येणार. मला त्यांनी नाही, राखणदाराने सांगितलं.

आणि मी काय विचार करतेय? गप्प राहायचा. कुणाला कळणार आहे? निविदा सत्त्याण्णवला उघडेल, मंडळ होकार देईल, पॅनेल लागायला दोन वर्षं जातील. तोवर काहीतरी सुचेल. नाही सुचलं तर कंपनी बुडेल, पण तोवर माळावर पॅनेल उभी असतील आणि ती कुणी उपटून नेणार नाही. कोळशाचा पंचवीस वर्षांचा धूर विरुद्ध माझा एक खोटा आकडा. सकाळभर मी स्वतःला हे पटवत होते आणि जवळजवळ पटलंही होतं. मग हिशेबनिसाची सही आठवली. त्याने ती माझ्या शब्दावर केली होती.

२३ मार्च

पहाटे जाग आली ती एका प्रश्नाने. बाबा खिशात फडकी तेवढी न्यायचे, पाणी नेलंच नाही. मग काच पुसली कशी? कोरडी धूळ घासली तर काचेवर ओरखडे पडतात, म्हणून तर सगळे टँकर मागवतात. पण ते उजाडताना जायचे. काचेवर दव असायचं. धूळ आधीच भिजलेली असायची.

ही वही काढून मागे चाळली. २२ जानेवारी, फिरायला सुरुवात. ८ फेब्रुवारी, गुडघे. ११ फेब्रुवारी, फिरून आले. पडद्यावरच्या उताराशी ताडून पाहिलं. तंतोतंत जुळलं. म्हणजे आकडे खरे आहेत! एक माणूस, एक फडकं, पाण्याचा टँकर नाही, तीन-चार दिवसांतून एकदा, आणि नुकसान दोनच्या आत. मी नुसतं त्याला दुसऱ्याच कुणाचं नाव दिलं होतं.

पण ओरखडे असतील तर सगळं फुकट. तशीच निघाले. मागे चपलांचा आवाज आला. बाबा. मी बोलावलं नव्हतं. आम्ही दहा मिनिटं पुढेमागे चाललो.

त्यांनी काळा चष्मा काढला आणि दवाने भिजलेली धूळ खिशातल्या फडक्याने पुसून घेतली. उजाडत होतं. गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि काच उजेडाशी तिरकी धरून बघावी तसं स्वतःच डोकं तिरकं करत, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एकेक वीत बघत गेले. दुकानात गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी ते असंच बघायचे, असं मी ऐकलं होतं. पाव तास गेला असेल. मला वाटलं, आता म्हणतील की एकही नाही, कारण मला तेच ऐकायचंय हे त्यांना ठाऊक होतं.

"दोन आहेत," ते म्हणाले. "हा कोपऱ्यातला माझाच. फडक्यात खडा आला असेल. तेव्हा मला दिसला नाही. हा वरचा कारखान्यातला."

दोन सांगितले म्हणून बाकीच्या काचेवर माझा विश्वास बसला.

२४ मार्च

मोठ्या बाईंना आणि हिशेबनिसाला एकाच फोनवर घेतलं आणि सगळं सांगितलं. सासऱ्यांसकट. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तू दहा आठवडे एकदाही सकाळी तिथे गेली नाहीस." मी म्हटलं, नाही.

हिशेबनीस "मी म्हणालो होतो" म्हणेल म्हणून मी तयारीत होते. त्याने विचारलं, एका पॅनेलला किती सेकंद लागतात? मी राखणदाराला लांब दांडीला फडकं बांधून दिलं होतं, घड्याळ लावलं होतं. आकडा सांगितला. तिकडे कागद उलटण्याचा आवाज. दव असतं ते दोन तास, तीन लाख पॅनेल, दर चार दिवसांनी. दव नसेल त्या महिन्यांसाठी थोडे टँकर. माणसं लागतील, पुष्कळ लागतील, आणि ती इथल्याच वस्त्यांमधली. संध्याकाळी त्याचा फोन आला. नव्व्याण्णव पूर्णांक सहा.

बाई म्हणाल्या, हेच भरा. सत्त्याण्णव मागे घ्या, आणि का घेतलं तेही लिहा.

२६ मार्च

भरलं. "का" लिहायला दोन तास लागले. "देखरेखीतील त्रुटीमुळे" असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. शेवटी लिहिलं, चाचणीचं पॅनेल माझ्या घरच्या व्यक्तीने माझ्या नकळत पुसलं आणि मी ते तपासलं नाही.

बाबा बॅग भरतायत. दोन दिवसांपासून एकच बॅग भरतायत. माझ्याशी बोलतात ते मीठ दे, दार लाव एवढंच. मीही काही बोलत नाही. कामाच्या गडबडीत वेळ झाला नाही असं लिहिणार होते, पण वेळ होता.

२८ मार्च

निविदा उघडली. मंडळाच्या लोकांना आमचं पत्र वाचून हसू आलं म्हणे, आणि मग त्यांनी ते दोनदा वाचलं. शंभर आणि नव्व्याण्णव पूर्णांक सहा यांत फरक एवढासा, त्यात आमची पद्धत नवी. तेव्हा निम्म्या माळावर आम्ही. कोळशाचा करार पंचवीसऐवजी तीन वर्षांचा. तीन वर्षांत साफसफाईचे आकडे टिकले तर उरलेला माळही आमचा.

निम्मं. रडावं की नाचावं कळेना. हिशेबनीस फोनवर म्हणाला की तुमचं दव अगदीच खोटं नव्हतं. त्याच्या तोंडून ही स्तुतीच समजायची. मी घरी धावत आले सांगायला, आणि बाबा कपड्यांच्या घड्या घालत होते. सांगितलं. "छान झालं," म्हणाले, आणि पुढची घडी घातली.

३० मार्च, रविवार

चिरंजीव दहाला आले. गाडी दारात. बाबा बॅग शेजारी ठेवून खुर्चीत बसले होते, नव्या डोळ्याने भिंतीकडे बघत. चिरंजीवांनी बॅगेला हात घातला.

मी म्हटलं, बाबा, थांबा. त्यांनीच विचारलं, "माणसांना शिकवायला कुणी हवंय का? फडकं कसं धरायचं ते?"

हो म्हणणं सोपं होतं. ते लगेच थांबले असते. पण तसे नको होते मला.

"नाही," मी म्हटलं. "राखणदार शिकवेल, त्याला जमतं. तुम्ही काही करू नका. काच पुसू नका, भाजी आणू नका. त्या दिवशी बोलले ते चुकलं माझं. तुम्ही नव्हता ते पंधरा दिवस मला जेवण गेलं नाही, आणि मला वाटत होतं ते दवामुळे. तुम्ही इथे राहा. बस्स. राहा."

चिरंजीव एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होते. बाबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग मुलाकडे वळले.

"तू चहा घेऊन नीघ," ते म्हणाले. "ऊन चढायच्या आत पोचशील."